उसना सदरा

शंभूनं तो प्रश्न विचारला तेव्हा मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. ताईच्या दारात उभ्या उभ्याच बॅगेची चेन उघडून आधी त्याची वस्तू त्याच्या हातात दिली होती, कारण गेले पंधरा दिवस रोज रात्री तो फोनवर "मामा, घेतलीस काय जर्सी?" एवढंच विचारत होता. कागदी पिशवी, आत पातळ पांढरा कागद, त्याच्या आत घडी घातलेली लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी आणि पाठीवर इंग्रजीत त्याचं स्वतःचं नाव. त्यानं आधी जर्सी नाकाला लावून वास घेतला. मग नावावरून बोट फिरवलं. मग ताईचा मोबाईल उचलून पाच मिनिटं त्यात डोकं घातलं. हल्लीची मुलं आधी शोधतात, मग खूश व्हायचं की नाही ते ठरवतात. मी पाणी पीत होतो. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मामा, मी किती बी भारी खेळलो तरी ही टीम मला घेणार न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. आणि मग, का कोण जाणे, मला फार वाईट वाटलं.

खरं तर त्याला बार्सिलोनाची जर्सी हवी होती. कोल्हापुरातल्या अकरा वर्षांच्या पोराला दुसरं काय हवं असणार. पण मी गेलो होतो स्पेनच्या बास्क मुलखातल्या बिल्बाओला, आणि बिल्बाओत बार्सिलोनाची जर्सी मागणं म्हणजे शिवाजी पेठेत उभं राहून मंगळवार पेठेचा जयजयकार करण्यासारखं. जून 2024 चा पहिला आठवडा. आमच्या चिंचवडच्या कंपनीनं दोघांना बाराकाल्दोच्या यंत्रप्रदर्शनाला पाठवलं होतं. दिवसभर लेथ, स्पिंडल, टूल चेंजर बघून डोळे शिणायचे आणि संध्याकाळी मेट्रोनं शहरात यायचं. बिल्बाओला जाऊन आलेल्या माणसाला लोक गुगेनहाइम संग्रहालयाबद्दल विचारतात. मी ते बाहेरूनच पाहिलं. माझं लक्ष गॅलऱ्यांकडे होतं. तिसऱ्या मजल्यावर एखादी आजी कुंडीला पाणी घालतेय आणि तिच्या कठड्याला लाल-पांढरा झेंडा. खाली औषधाचं दुकान, त्याच्या काचेत लाल-पांढरा मफलर. बेकरीत पावांच्या मागे अकरा जणांचा फोटो. दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅथलेटिक नावाच्या त्यांच्या फुटबॉल क्लबनं चाळीस वर्षांनी एक चषक जिंकला होता आणि शहरानं मांडव अजून सोडवला नव्हता. वरून एक प्रकारची भुरभुर चालू, धड पाऊस नाही, धड धुकं नाही. छत्री उघडली तर लाज वाटावी आणि न उघडली तर अर्ध्या तासात सदरा अंगाला चिकटावा. या पावसाला तिथं 'सिरिमिरी' म्हणतात. शब्द ऐकला आणि वाटलं, हा कोकणातल्या एखाद्या म्हातारीनं पाडलेला असणार.

क्लबच्या दुकानातल्या मुलीनं नाव विचारलं. मी "शंभू" म्हणालो. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि हसायला लागली. त्यांच्याकडे शाम्पूलाही जवळजवळ असंच काहीतरी म्हणतात. मग तिनं कागद पुढे केला. मी आपल्या नेहमीच्या स्पेलिंगनं नाव लिहिलं. ती अक्षरांकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे 'श' आहे ना? आमच्या बास्क भाषेत 'श'ला एक्स लिहितात. एक्सनं लिहू का? मी नको म्हणालो. पोराच्या आईला वाचता आलं पाहिजे, असं काहीतरी कारण सांगितलं. तिनं खांदे उडवले, अक्षरं एकेक करून चिमट्यानं पट्ट्यांवर लावली, फूटपट्टीनं अंतर मोजलं आणि वरून गरम प्रेस दाबला. भाजलेल्या प्लास्टिकचा वास आला. थंड होईपर्यंत ती थांबली आणि मग वरचा कागद हळूच सोलून काढला. तो एक्स मी का नाकारला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तो घेतला असता तर निदान पाठीवरचं नाव तरी तिथलं झालं असतं.

परत आल्यावर, शंभूच्या प्रश्नानंतर, मी या जर्सीच्या मागे लागलो. आणि पहिलीच गोष्ट अशी सापडली की हसावं की काय करावं कळेना. ज्या क्लबमध्ये बाहेरचा माणूस खेळू शकत नाही, त्या क्लबचा सदराच मुळात बाहेरचा आहे. तोही चुकून आलेला.

बिल्बाओच्या आसपासच्या डोंगरांत लोखंडाच्या खाणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथलं खनिज जहाजं भरभरून इंग्लंडला जायचं आणि परत येताना जहाजात कोळसा यायचा. कोळशाबरोबर खलाशी यायचे, गोदी कामगार यायचे आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. तिकडे शिकायला गेलेली बिल्बाओतल्या खात्यापित्या घरची पोरंही हाच खेळ घेऊन परतली. 1898 मध्ये क्लब निघाला, म्हणून त्याचं नाव आजही इंग्रजी वळणाचं, अ‍ॅथलेटिक. सुरुवातीला ते ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखे अर्धे निळे, अर्धे पांढरे सदरे घालायचे. 1909 च्या शेवटी शेवटी हुआन एलोर्दुय नावाचा क्लबचा एक माणूस इंग्लंडला निघाला होता. त्याला सांगितलं, येताना तसलेच सदरे घेऊन ये. त्याला काही ते पुरेसे मिळेनात. परतीची बोट साउदॅम्प्टनहून होती. आता रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यानं बंदरावरच्या गावात जे होतं ते उचललं. साउदॅम्प्टनच्या संघाचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पन्नास सदरे. बिल्बाओत उघडून बघितले तर शहराच्या झेंड्याचेही तेच रंग. चला, जमून गेलं! 1910 पासून अ‍ॅथलेटिक लाल-पांढरा.

त्यातले काही सदरे माद्रिदला गेले. तिथं शिकणाऱ्या बास्क पोरांनी 1903 मध्ये या क्लबची एक शाखा काढली होती, तीच आजची अ‍ॅटलेटिको माद्रिद. पाठवले होते फक्त सदरे, त्यामुळे चड्ड्या जुन्या निळ्याच राहिल्या. त्या आजही निळ्या आहेत. बिल्बाओवाल्यांनी मात्र काळी चड्डी धरली. माद्रिदला या पट्ट्या बघून लोकांना गादीचं कापड आठवलं, कारण तेव्हा गाद्यांच्या खोळी अशाच पट्ट्यापट्ट्यांच्या असायच्या. म्हणून त्या संघाला गादीवाले हे नाव पडलं ते पडलंच. मला हे वाचताना आमच्या गल्लीतला पिंजारी दिसायला लागला. उन्हाळ्यात माडीवर बसून गाद्या उसवायचा, कापूस उडत राहायचा, आणि खोळीच्या कापडावर असेच लाल पट्टे. उन्हात टाकलेल्या गादीचा तो कोंदट गोडसर वास.

एलोर्दुयवर माझा जीव जडला, त्याला एक खासगी कारण आहे. आम्ही नववीत असताना गल्लीतल्या पोरांची टीम काढली होती. घरटी पाच रुपये वर्गणी. सगळ्यांचं ठरलं होतं, निळा टी-शर्ट घ्यायचा. मला आणि आणखी एकाला पैसे देऊन महाद्वार रोडला पाठवलं. निळे होते फक्त सहा. दुकानदार म्हणाला, "ह्यो घ्या की, डझनावर दोन हायेत, आनि चार रुपये स्वस्त." रंग कोणता, तर पोपटी. नुसता पोपटी नव्हे, पावसाळ्यात कुंपणावर उगवणाऱ्या वेलीसारखा झगझगीत. आम्ही घेतले. गल्लीत आल्यावर आमचा जो उद्धार झाला तो लिहिण्यासारखा नाही. पहिल्या मॅचला समोरच्या पोरांनी "मिठू मिठू" करून आमचा गोलकीपर रडवला. पण गंमत पुढे. चारपाच वर्षांनी मी इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत घरी आलो, तर गल्लीतली पुढची पोरं नवे टी-शर्ट आणत होती. निळे भरपूर मिळत असताना त्यांनी हुडकून हुडकून पोपटी आणले. "आपला रंग हाय त्यो," त्यातला एक मला सांगत होता. मलाच.

माणसाला एखादी गोष्ट आपली वाटायला फार तर चारपाच वर्षं लागतात, असा आपला माझा हिशेब.

अ‍ॅथलेटिकचा तो नियम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही, पण त्याच्याइतका कडक नियम जगातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या क्लबात नसेल. सुरुवातीला त्यांच्याकडे इंग्रज खेळायचे. 1911 च्या स्पर्धेत त्यांच्या इंग्रज खेळाडूंवरून वाद पेटला आणि 1912 पासून त्यांनी आपल्याच माणसांवर खेळायचं धरलं. पुढे त्याचं तत्त्व झालं. आधी फक्त आपल्या बिस्काया प्रांतातले, मग हळूहळू दार उघडत सगळा बास्क मुलूख, स्पेनमधले चार आणि डोंगरापलीकडे फ्रान्समधले तीन प्रांत. तिथं जन्मलेला किंवा तिथं फुटबॉल शिकून वाढलेला खेळाडू असला पाहिजे. पैसा फेकून ब्राझीलचा राजा आणायचा नाही. खेळाडू घडवायच्या त्यांच्या व्यवस्थेला स्पॅनिशमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ दगडाची खाण. लोखंडाच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या गावानं हा शब्द इतका मनावर घ्यावा यात नवल नाही. आणि एवढं हट्टाला पेटूनही हा क्लब स्पेनच्या फुटबॉलमधल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतून एकदाही खाली घसरलेला नाही. तसे फक्त तिघे. बाकीचे दोघे रेआल माद्रिद आणि बार्सिलोना, ज्यांच्यासाठी साऱ्या जगाचा बाजार उघडा असतो.

या सदऱ्यातली माणसंही एकेक. पिचिची हे टोपणनाव असलेला राफाएल मोरेनो, अंगानं किरकोळ, डोक्याला पांढरं फडकं बांधून खेळायचा. क्लबचं सान मामेस मैदान 1913 मध्ये उघडलं तेव्हा तिथला पहिला गोल त्याचा. एकोणतिसाव्या वर्षी, 1922 मध्ये, टायफसनं गेला. मैदानात त्याचा अर्धपुतळा आहे, आणि जो संघ तिथं पहिल्यांदाच खेळायला येतो त्याच्या कप्तानानं त्या पुतळ्याला फुलं वाहायची, ही रीत आजही पाळतात. पाहुण्यानं आल्या आल्या घरातल्या देवाला नमस्कार करावा तसं. स्पेनमध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला जे बक्षीस मिळतं ते त्याच्याच नावाचं. म्हणजे मेस्सीनं आठ वेळा जे नेलं, ते या फडकंवाल्या पोराचं नाव.

मग पेंटलंड. हा इंग्रज प्रशिक्षक, डोक्यावर कायम गोल काळी हॅट. खेळाडू बाहेरचा नको, पण गुरू परदेशी चालतो, ही त्यांची आणखी एक मजा. हा माणूस नव्या पोरांना म्हणे आधी बुटांच्या नाड्या बांधायला शिकवायचा. त्याच्या काळात 1930 आणि 1931 अशी दोन्ही वर्षं लीग आणि चषक दोन्ही बिल्बाओला आले. त्यातल्याच एका मॅचमध्ये त्यांनी बार्सिलोनाला 12-1 असं धुतलं, एकट्या बाता नावाच्या खेळाडूनं सात गोल मारले. मोठी मॅच जिंकली की पोरं धावत येऊन पेंटलंडच्या डोक्यावरची हॅट काढायची आणि तिच्यावर नाचून तिचा भुगा करायची. तो बिचारा नवी घ्यायचा. हॅटचा खर्च कोण देत असेल हा प्रश्न मला उगाचच पडला.

आणि तेल्मो झारा. स्टेशनमास्तरचा मुलगा. लीगमध्ये 251 गोल, आणि हा विक्रम मोडायला 2014 साल आणि मेस्सी यावा लागला. डोक्यानं इतके गोल मारायचा की चर्चिलनंतरचं युरोपातलं सगळ्यात चांगलं डोकं याचं, असं लोक म्हणायचे. झाराच्या जवळजवळ सगळ्या काळात या क्लबला स्वतःचं नावही लावता येत नव्हतं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याच्या राजवटीनं परकी नावं बंद केली आणि 1941 मध्ये अ‍ॅथलेटिकचं अ‍ॅटलेटिको करून टाकलं. ते मूळ नाव परत मिळायला 1972 उजाडलं. नावच हिसकावलेलं, भाषेवर बंदी, झेंड्यावर बंदी. उरला काय, तर सदरा. एका इंग्रज गावचा उचलून आणलेला सदरा, आणि त्यात आत आपलाच पोरगा. हे ध्यानात आल्यावर त्या नियमाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

एक फोटो मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. 5 डिसेंबर 1976. सान सेबास्तियनचं आतोचा मैदान. फ्रँकोला जाऊन वर्ष उलटलंय, पण बास्क झेंडा अजून बेकायदाच आहे. समोरासमोर दोन सख्खे बास्क वैरी, रेआल सोसिएदाद आणि अ‍ॅथलेटिक. बोगद्यातून दोन्ही संघ ओळीनं बाहेर येतात आणि पुढे दोन कप्तान, कोर्ताबार्रिया आणि इरिबार. दोघांच्या हातात एका झेंड्याची दोन टोकं. सोसिएदादच्या एका खेळाडूच्या बहिणीनं तो घरी शिवला होता आणि मग तो लपवून मैदानात आणला गेला होता. इरिबार हा अ‍ॅथलेटिकचा गोलकीपर, उंच, शेलाटा, नखशिखांत काळ्या कपड्यांत, अठरा वर्षं याच एका गोलपुढे उभा राहिलेला माणूस. फोटोत त्याच्या चेहऱ्यावर शौर्य वगैरे काही नाही. लग्नात अंतरपाट धरायला उभं केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं, कापड सरळ राहील ना, एवढंच. मी त्या बहिणीचा विचार करतो. रात्री दार लावून मशीनवर बसली असेल, लाल कापडावर हिरवी आणि पांढरी फुली बसवताना कोपरे जुळतात का बघत असेल, आणि खाली कुणाच्या बुटांचा आवाज आला की पायडल थांबवत असेल. पुढच्याच महिन्यात झेंड्यावरची बंदी उठली. त्या मॅचचा निकाल कुणी आवर्जून सांगत नाही, तो मला शोधावा लागला. अ‍ॅथलेटिकनं 5-0 असा मार खाल्ला होता.

सगळंच काही असं उजळ माथ्यानं सांगण्यासारखं नाही. 1983 मध्ये याच क्लबच्या गोइकोएचेयानं बार्सिलोनाकडून खेळणाऱ्या माराडोनाचा घोटा मागून फोडला. पुढच्या मे महिन्यात चषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅथलेटिकनं बार्सिलोनाला 1-0 असं हरवलं, आणि शिटी वाजल्यावर मैदानात जी लाथाबुक्क्यांची मारामारी झाली ती बघून आमच्या पेठांच्या फायनल्स सात्त्विक वाटाव्यात. आपल्या मातीवरचं प्रेम अंगात आलं की पाय कुठं पडतोय हे दिसत नाही, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. आणि सदऱ्याचं म्हणाल, तर 2004 मध्ये एका बास्क चित्रकारानं लाल रंगाचे ओघळ पसरलेला नवा नमुना काढला होता. लोकांना तो सॉस सांडल्यासारखा दिसला आणि इतका आरडाओरडा झाला की हंगाम सुरू व्हायच्या आतच तो गुंडाळावा लागला. छातीवर पैसे घेऊन कंपनीची जाहिरात लावायलाही त्यांनी 2008 पर्यंत वाट पाहिली, आणि लावली ती शेजारच्याच तेलशुद्धीकरण कारखान्याची. बार्सिलोनाचे चाहते जाहिरातीशिवायच्या सदऱ्याचं कौतुक सांगतात तेव्हा मला आता मधेच बोलावंसं वाटतं.

तर हे सगळं असूनही, शंभूचा प्रश्न माझ्या पोटात तसाच.

कारण आपल्याकडे हे शब्द ऐकतच मी मोठा झालोय. भूमिपुत्र. आपला माणूस. बाहेरचा. चिंचवडला नवीन नवीन आलो तेव्हा खोलीमालकानं विचारलं होतं, "कोल्हापूरचे का? मग मटण रोज शिजणार." मीही तिथं बाहेरचाच होतो, पण माझं बाहेरचं असणं सोपं होतं. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराचा मुलगा ओडिशातून दोन वर्षांचा असताना आलेला. आता बारा वर्षांचा आहे. पार्किंगमध्ये फुटबॉल खेळताना तो ज्या मराठीत शिव्या देतो ती माझ्या मुलीलाही येत नाही. तो कुठला? बिल्बाओचा नियम लावला तर तो सरळ सरळ आपला. आपला नियम लावला तर मला गप्प बसावं लागतं.

आणि नेमकं इथंच विल्यम्स भाऊ येतात. आईबाप घानाचे. सहाराचं वाळवंट पायी तुडवत, तापलेल्या वाळूनं तळपाय भाजून घेत, मेलिया या आफ्रिकेतल्या स्पॅनिश शहराचं कुंपण ओलांडून स्पेनमध्ये आले. बापाच्या तळव्यांचं ते दुखणं पुढेही राहिलं. एका पाद्र्यानं त्यांना मदत केली, त्याचं नाव ईन्याकी. 1994 मध्ये बिल्बाओत मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याला तेच नाव ठेवलं. अस्सल बास्क नाव. मोठा ईन्याकी आणि आठ वर्षांनी लहान असलेला निको, दोघंही तिथल्याच मुलखात खेळून वाढलेले, त्यामुळे तो कडक नियम त्यांच्यासाठी मोडावा लागला नाही, वाकवावाही लागला नाही. ईन्याकी लीगमध्ये सलग 251 सामने खेळला, एकही न चुकवता. 251, म्हणजे झाराच्या गोलांचाच आकडा. योगायोग आहे, मला ठाऊक आहे, तरी मी तो डायरीत लिहून ठेवलाय. आईबापांनी काय भोगलं हे त्याला बराच मोठा होईपर्यंत सांगितलंच नव्हतं. 6 एप्रिल 2024 ला सेव्हियात मायोर्काविरुद्ध पेनल्टीवर जिंकून त्या क्लबनं चाळीस वर्षांनी चषक उचलला तेव्हा हे दोघे भाऊ मैदानात होते. मधल्या काळात अंतिम सामने किती हरले म्हणता? 2021 च्या एकाच एप्रिलमध्ये, रिकाम्या मैदानात, दोन आठवड्यांत दोन. त्यातला पहिला शेजारच्या सोसिएदादकडून.

जिंकल्यावर हे लोक बसवर चढून मिरवत नाहीत. माल वाहून नेणारा जुना बार्ज, गबार्रा त्याचं नाव, नेर्वियोन नदीत सोडतात आणि खेळाडूंना त्यावर उभं करून समुद्राकडून शहराकडे आणतात. 1984 नंतर तो तसाच पडून होता. 11 एप्रिल 2024 ला निघाला तेव्हा दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हतं. मला त्याचे व्हिडिओ बघताना पंचगंगेवरचं विसर्जन आठवतं. काठावर लाल-पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे रडतायत, आणि ज्या पाण्यावरून एकेकाळी लोखंड इंग्लंडला गेलं आणि फुटबॉल इकडे आला, त्याच पाण्यावर सहारा ओलांडून आलेल्या बाईचे दोन मुलगे चषक घेऊन उभे आहेत. पुढच्या वर्षी बार्सिलोना निकोच्या मागे लागली, तर त्यानं 2035 पर्यंत इथंच राहायचा करार केला. ही बातमी शंभूनंच मला पाठवली. खाली लिहिलं होतं, "बघ. गेला न्हाई."

आणखी एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. अ‍ॅथलेटिक दर वर्षी एक मान देतं. सगळी कारकीर्द एकाच क्लबशी इमान राखून काढलेल्या खेळाडूला, मग तो कुठल्याही देशाचा असो. 2015 मध्ये हा मान सुरू झाला आणि पहिला दिला मॅट ल टिसिएला. त्याचा क्लब कुठला? साउदॅम्प्टन. शंभर वर्षांपूर्वी उचललेल्या सदऱ्याचं भाडं असं फेडलं असेल का, कुणास ठाऊक. तसं कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. मला आपलं बरं वाटलं.

शंभूला मी अर्धवट उत्तर दिलं होतं हे कळल्यावर फोन केला. म्हटलं, जन्मच हवा असं नाही रे, लहानपणी तिथं जाऊन तिथल्या क्लबात शिकून मोठा झालास तरी घेतात. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे पप्पांनी तिकडं बदली घ्यायला पायजे होती." दाजी जिल्हा परिषदेत आहेत. मागे ताईचं हसू ऐकू आलं.

यंदा मार्चमध्ये दोन दिवस कोल्हापूरला गेलो होतो. दुपारी शंभूला घेऊन शाहू स्टेडियमला गेलो. पेठेची मॅच. सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या, खाली वर्तमानपत्र घालून बसलो तरी चटका लागत होता. खारे दाणे, हलगी, आणि चारी बाजूंनी प्रशिक्षकांपेक्षा जास्त जाणकार माणसं. शंभूच्या अंगात तीच जर्सी, आता काखेत थोडी दाटलेली. पाठीवरच्या नावातलं एक अक्षर धुऊन धुऊन सुटायला आलंय. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आजोबा होते. त्यांनी दोनतीनदा वळून त्याच्याकडे बघितलं.

"काय रं, अ‍ॅटलेटिको माद्रिद व्हय?"

"न्हाई आजोबा. बिल्बाओ. ह्यांनीच त्यास्नी दिली."

"आनि ह्यास्नी कुनी दिली?"

शंभू सरसावून बसला. एलोर्दुय, बोट, ब्लॅकबर्न, सगळं त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. तो साउदॅम्प्टनच्या बंदरापर्यंत आला असेल नसेल, तेवढ्यात खाली डाव्या बगलेला बॉल निघाला. आफ्रिकेतून आणलेला आमच्या पेठेचा उंच फॉरवर्ड दोघांना मागे टाकून सुटला होता. आजोबांनी शंभूच्या खांद्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, टोपी हातात घेतली आणि बोंबलले, "मार की रं माझ्या लेकरा, मार!"